शब्दचर्चा : ‘मायक्रोनेशन’, त्याचे ‘नागरिक’ आणि त्यात ‘सामील होणे’

मूळ प्रश्न

गेले आठ महिने मी एका ऑनलाइन मायक्रोनेशनचा नागरिक आहे. तिथे येऊ इच्छिणाऱ्या मराठी भाषकांसाठी प्रवेशाचा अर्ज मराठीत करण्याचे काम मी अंगावर घेतले आणि पहिल्याच ओळीत अडलो. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखादी व्यक्ती किंवा छोटा गट आपण स्वतंत्र राष्ट्र आहोत असे जाहीर करतो, राज्यघटना लिहितो, ध्वज ठरवतो, निवडणुका घेतो. जगातले कोणतेही सरकार मात्र त्याला मान्यता देत नाही. त्यांतल्या ऑनलाइन राष्ट्रांकडे तर बहुधा जमीनही नसते. असतात ती माणसे, त्यांचे कायदे आणि त्यांची मते.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. मायक्रोनेशनला सूक्ष्मराष्ट्र म्हणावे, लघुराष्ट्र की आभासी राष्ट्र? तिथल्या माणसाला नागरिक म्हणावे की सभासद? आणि तिथे ‘सामील’ होतात, ‘दाखल’ होतात की आणखी काही करतात?

प्रतिसाद

‘लघुराष्ट्र’ टाळावे, कारण तो शब्द व्हॅटिकन, मोनॅको, नाउरू अशा आकाराने लहान पण सर्वमान्य राष्ट्रांसाठी लागेल. व्हॅटिकनचे क्षेत्रफळ जेमतेम ०.४४ चौरस किलोमीटर आहे, तरी ते मायक्रोनेशन नव्हे. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी वाद झाल्यावर एका शेतकऱ्याने १९७० मध्ये जाहीर केलेले हट रिव्हर सुमारे ७५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सान मारिनो या सर्वमान्य देशापेक्षाही मोठे होते. २०२० मध्ये ते विसर्जित होईपर्यंत त्याला कोणीही मान्यता दिली नाही. तेव्हा लहानपण हा येथे निकषच नाही. ‘सूक्ष्म’ शब्दावरही हाच आक्षेप येतो, हे मला मान्य आहे. परंतु सूक्ष्मजीव, सूक्ष्मदर्शक या शब्दांमुळे ‘सूक्ष्म’ म्हणजे सहज नजरेस न पडणारे असा अर्थ मराठीत रुजला आहे, आणि ज्याची नकाशाने दखल घेतलेली नाही अशा राष्ट्राला तो बरोबर लागू पडतो.

‘स्वघोषित राष्ट्र’ हा शब्द मलाही आधी सुचला होता. पण १९९१ मध्ये सोमालियापासून स्वातंत्र्य जाहीर करणारे सोमालीलँडही त्यात येईल, आणि तिथे तर लाखो लोकवस्ती, सैन्य आणि स्वतःचे चलन आहे.

प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे. माझा मुख्य आक्षेप ‘आभासी’ या शब्दाला आहे. संगणकाच्या संदर्भात तो आता सर्रास वापरला जातो, तरी त्याच्या पोटात खोटेपणाचा अर्थ कायम आहे. हेत्वाभास म्हणजे कारणासारखे दिसणारे, पण कारण नसलेले. ‘आभासी राष्ट्राचा नागरिक’ म्हटले की त्या माणसाला भास होतो आहे असेच ऐकू येते. प्रत्यक्षात तिथे मांडलेला ठराव खरा असतो, त्यावर पडलेले मत खरे असते आणि मत विरोधात गेल्यावर होणारी चिडचिडही खरीच असते. त्याऐवजी सरळ ‘ऑनलाइन सूक्ष्मराष्ट्र’ म्हणावे; ऑनलाइन हा शब्द मराठीत आता पुरता मुरला आहे.

काहींना ‘अभिरूप राष्ट्र’ हा शब्द पटेल, कारण अभिरूप न्यायालय आणि अभिरूप संसद हे शब्द आपल्याकडे प्रचलित आहेत. मला तो पटत नाही. अभिरूप संसद संध्याकाळी संपते आणि सारे घरी जातात. सूक्ष्मराष्ट्रे मात्र दशकानुदशके चालतात. तालोस्सा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. २६ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी येथील एका चौदा वर्षांच्या मुलाने, रॉबर्ट बेन मॅडिसनने, आपली झोपण्याची खोली स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केली. पुढे त्याने त्या राज्यासाठी स्वतंत्र भाषाही रचली. १९९०च्या दशकात हे राज्य इंटरनेटवर आले आणि ज्यांनी मिलवॉकी कधी पाहिलेही नाही असे लोक त्याचे नागरिक झाले. शब्दचर्चेत सांगण्याजोगी गोष्ट अशी की ‘तालोस्सा’ हा फिनिश शब्द आहे. ‘तालो’ म्हणजे घर आणि ‘स्सा’ हा सप्तमीच्या अर्थाचा प्रत्यय. इंग्रजीत त्यासाठी तीन शब्द लागतात. मराठीत मात्र फिनिशप्रमाणेच एका शब्दात सांगता येते : ‘घरात’.

प्रतिसाद

‘नागरिक’ की ‘सभासद’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण येथे चुकीच्या शब्दाने माणसांचे नुकसान होऊ शकते. स्वीडनमध्ये किनाऱ्यावर उभारलेल्या शिल्पांवरून प्रशासनाशी झालेल्या संघर्षातून कलावंत लार्स विल्क्स यांनी १९९६ मध्ये लाडोनिया हे सूक्ष्मराष्ट्र जाहीर केले. त्याचे नागरिकत्व ऑनलाइन अर्जाने मिळत असे. काही वर्षांनी पाकिस्तानातून मोठ्या संख्येने अर्ज आले. अर्जदारांची समजूत अशी होती की आपल्याला खरोखरच तिथे जाऊन राहता येईल, कामधंदा करता येईल. त्या लोकांना हसू नये. ‘नागरिकत्व’ या शब्दाने जे वचन दिले होते, तेच त्यांनी मागितले.

तरीही मी ‘नागरिक’च्या बाजूने आहे. सभासद म्हणजे सभेत बसणारा. पतपेढीचे सभासद असतात, वाचनालयाचे असतात. त्यांच्याकडून वर्गणी अपेक्षित असते, निष्ठा नव्हे. १९३३च्या माँटेव्हिडिओ कराराने राज्याची चार लक्षणे सांगितली : स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. आपल्या परंपरेतील सप्तांग राज्यात स्वामी, अमात्य, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र यांच्याबरोबर ‘जनपद’ येते, आणि त्या एका शब्दात जमीन व जन दोन्ही सामावलेले आहेत. ऑनलाइन सूक्ष्मराष्ट्राने त्यातली जमीन बाजूला ठेवली आणि जन तेवढे घेतले. स्लोव्हेनियातील कलावंतांनी १९९२ मध्ये तर भूमी नसलेले, केवळ काळात वसलेले राज्य जाहीर केले आणि त्याचे पारपत्रही काढले. अशा ठिकाणी ‘नागरिक’ हाच शब्द सार्थ ठरतो. मात्र अर्जाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत, या नागरिकत्वाने निवासाचा, प्रवासाचा किंवा नोकरीचा कोणताही हक्क मिळत नाही, हे वाक्य असलेच पाहिजे.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘सूक्ष्मराष्ट्र’ आणि ‘नागरिक’ हे शब्द मी स्वीकारले, आणि ते ठळक वाक्य आजच अर्जात घातले.

क्रियापदाबाबत मी माझी स्वतःची प्रवेशप्रक्रिया पुन्हा डोळ्यांपुढे आणली. प्रथम मी दोनशे शब्दांत येण्याचे कारण लिहून दिले. मग चौदा दिवस जुन्या नागरिकांनी प्रश्न विचारले; एका आजोबांनी तर, आमच्या घटनेतले कोणते कलम तुम्हाला पटत नाही, असे विचारून मला रात्रभर घटना वाचायला लावली. त्यानंतर मतदान झाले आणि शेवटी शपथ. या प्रक्रियेला ‘सामील होणे’ पुरत नाही. शिवाय मराठीत माणूस कटातही सामील होतो. ‘दाखल होणे’ म्हटले की रुग्णालय आठवते. म्हणून एका क्रियापदाऐवजी मी तीन घेतली आहेत : अर्जदार नागरिकत्व ‘मागतो’, सभा ते ‘मंजूर करते’ आणि शपथ घेताना तो ते ‘पत्करतो’. ‘बहाल करणे’ राजाला शोभते. आमच्याकडे राजा नाही. ‘पत्करणे’ मला विशेष आवडले, कारण जे पत्करले त्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

एक प्रश्न उरतो. आमच्याकडे सलग तीन निवडणुकांत मत न देणाऱ्याचे नागरिकत्व आपोआप संपते. ‘रद्द होते’ म्हटले तर शिक्षा वाटते, आणि तशी ती नाही. माणूस कामात गुंततो, आजारी पडतो आणि हळूहळू येईनासा होतो. शाळेच्या हजेरीवरून मला ‘पट’ हा शब्द सुचला आहे. ‘नागरिकपटावरून नाव उतरले’ असे लिहिले, तर तेच नाव पुन्हा पटावर चढवण्याची वाटही खुली राहते. हा शब्द आपल्या कानाला कसा वाटतो, ते कृपया सांगावे.