उतरलेली पट्टी : थकलेल्या आवाजांच्या रात्री

यंदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री आमच्या गावात झाडीपट्टीचं नाटक होतं. ब्रह्मपुरी तालुका, पुसाचा गारठा, मंडपात बायाबापड्या ब्लँकेटं घेऊन दिवस मावळल्यापासून जागा धरून बसलेल्या. ज्यांच्यासाठी सगळे आले होते ते गायक-नट आता साठी उलटलेले. मी सातवीत असताना त्यांना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हापासून त्यांचा एकही प्रयोग जवळपास असला की सोडला नाही.

पहिल्या अंकात त्यांनी पद सुरू केलं आणि वरचा सा आलाच नाही. ऑर्गनवाल्याने दोनदा सूर भरून दिला. मागून पोरं ओरडली. दुसऱ्या अंकात पद अर्ध्यावर सोडून ते संवादावर आले. माझ्याच्याने वर पाहवेना. मग पहाटे साडेतीनला, मुलाच्या मरणाच्या प्रवेशात, तेच गृहस्थ माईकपासून दोन पावलं मागे सरकले आणि खालच्या सुरात चार ओळी गायले. मंडपात कोणी खोकललं नाही. माझ्या शेजारची म्हातारी नंतर बराच वेळ पदर तोंडाला लावून होती.

एकाच माणसाच्या एका रात्रीत हे दोन्ही कसं बसतं, ते मला उलगडत नाही. तुम्ही असं काही ऐकलं असेल तर लिहा. आपल्याकडचा कलाकार असो की परदेशातला रॉकवाला. जो कमी पडला त्याचं नाव मात्र लिहू नका, त्याचं पोट त्या आवाजावर आहे.

वडसा (देसाईगंज)

मी अकरा सीझन तबला आणि नंतर ऑक्टोपॅड वाजवला, म्हणून थोडं आतलं सांगतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत जवळजवळ रोज रात्री प्रयोग. आज गडचिरोलीकडे, उद्या गोंदियाकडे. रात्री दहाला पडदा उघडतो, पहाटे पाचला पडतो. झोप गाडीत. जेवण ज्या गावात मिळेल ते, ज्या वेळी मिळेल त्या वेळी. धानाच्या मळणीचे दिवस, हवेत कोंडा, वर रस्त्याची धूळ. स्टेजवर माईक टांगलेले असतात, त्याच्याखाली नेमकं उभं राहिलं नाही तर आवाज फेकावा लागतो. प्रेक्षकाची ती वर्षातली एक रात्र असते. त्याच रात्री कलाकाराचा गळा सलग चाळिसाव्या रात्री ताणला जात असतो.

तुम्ही विचारता पहाटे आवाज कसा आला. माझ्या पाहण्यात तरी, पहिल्या अंकात जुना कलाकार पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्वतःसारखं गायला बघतो, कारण लोक त्याचसाठी आलेले असतात. तिसऱ्या अंकापर्यंत तो थकतो आणि आज जेवढा गळा आहे तेवढाच वापरतो.

२०२३ साली आमच्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशी माझ्यासारख्या वाजवणाऱ्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. या पहाटेच्या प्रयोगांची कोणीतरी नोंद घेतली, एवढंच वाटलं.

आर्णी

माझा अनुभव प्रत्यक्षातला नाही, फोनवरचा. नागपुरात होस्टेलला असताना ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या रॉक बँडची कॅसेट हाती लागली. तेव्हापासून हे वेड आहे, गावात मी एकटाच. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न ७६ वर्षांचा, पार्किन्सन्स झालेला, काळ्या सिंहासनावर बसून गायला. मूळचे चौघे वीस वर्षांनी एका स्टेजवर होते. सोयाबीनचं डवरणं आटोपून मी रात्री ओसरीत बसून त्याच्या चित्रफिती पाहिल्या. काही ठिकाणी गळा साथ देत नव्हता, हे मी चाहता असूनही कबूल करतो. पण तो खुर्चीतून उठू पाहत होता. उठता येत नव्हतं, तरी पुन्हा पुन्हा पाहत होता. बावीस तारखेला तो गेला. मी त्या दिवशी शेतात गेलो नाही.

त्यांच्यातल्या गिटारवाल्याचं, टोनी आयोमीचं मला फार अप्रूप. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल सोडल्या. १९७१ पर्यंत पट्टी, म्हणजे वाजवायचा मूळ सूर, दीड सुराने खाली आली होती. त्या बँडचा जो जड, काळा आवाज जगाने उचलला, त्यात या सैल तारांचा मोठा वाटा. आमच्याकडे कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं आहेत. ती गोष्ट मला कधी परदेशी वाटली नाही.

सडक अर्जुनी

माझं वेगळं आहे. तालुक्याच्या गावी एका जुन्या, नावाजलेल्या गायकाचा ऑर्केस्ट्रा आला होता. आईला घेऊन गेलो. तरुणपणी ती त्यांची गाणी रोवणीत म्हणायची. तिकिटाचे पैसे मोजताना हात आखडला नाही. तिसऱ्या गाण्यात त्यांनी पुढच्या रांगेतल्या कोणाला नमस्कार करायला माईक खाली घेतला, आणि आवाज चालूच राहिला. आई म्हणाली, "हे तर टेप आहे ना बापू." आम्ही उठून आलो. फाटका आवाज चालला असता. परत येताना आईने ते गाणं एसटीत हळू आवाजात स्वतःच म्हटलं.

तिवसा तालुका

गुरुकुंज मोझरी आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. गावच्या भजन मंडळात एक बुवा होते, तुकडोजी महाराजांना त्यांनी पोरवयात समोर बसून ऐकलेलं. महाराज १९६८ साली गेले, बुवांची खंजिरी पुढे चाळीस वर्षं चालली. मग हात कापायला लागला. एका पुण्यतिथीला ठेका दोनदा सुटला, सगळे थांबले. बुवा म्हणाले, "थांबा राजेहो, कातडं सैल झालं, शेकून आनतो."

ऑक्टोबरचं कोरडं ऊन होतं दिवसभर, कातडं सैल व्हायचं काही कारण नव्हतं. आम्हाला ते माहीत होतं, बुवांनाही माहीत होतं. ते शेकोटीपाशी गेले, हात शेकले, परत आले. त्यानंतर त्यांनी लय निम्म्यावर आणून जे भजन म्हटलं, त्याचा एकेक शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. याआधी मी फक्त खंजिरीच ऐकत होतो.

वडसा (देसाईगंज)

आर्णीच्या भाऊंचं वाचून पुन्हा लिहितो. दीड सूर म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी तीनवरून थेट काळी एक. ब्रह्मपुरीकडच्या तुमच्या गायकांना मी ओळखतो. ते अजून पंचवीस वर्षांपूर्वीच्याच पट्टीत पद लावतात आणि त्यांना सांगायची हिंमत कोणी करत नाही, मीही केली नव्हती. काल त्यांच्या ऑर्गनवाल्याला फोन केला. भाऊबीजेनंतर तालीम बसेल तेव्हा मी वडशातच असेन. पहिलं पद एक सूर खाली लावून बघू म्हणालो. तो म्हणाला, "तुम्ही सांगा जी, मी लावतो."