खोल पण निचऱ्याची जमीन: 'भारी' म्हणायची का?

डोंगरवाट
एका शेतीविषयक मासिकासाठी अमेरिकेतल्या डोंगराळ चराऊ रानांवरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात उटा राज्यातल्या वासॅच डोंगररांगेतल्या मातीचं वर्णन येतं. माती मीटरभरापेक्षा खोल, निचरा चांगला. वरचा थर गडद तपकिरी, रवाळ, भुसभुशीत, गवताच्या मुळांनी गच्च भरलेला. खाली जावं तसे दगडगोटे वाढतात. मी 'निचऱ्याची भारी जमीन' असं लिहिलं. संपादकांनी 'भारी' खोडून समासात लिहिलं, 'भारी जमिनीत निचरा कुठला?' आमच्याकडे, नगर जिल्ह्यात, भारी म्हणजे खोल आणि सकस, पिकाला दगा न देणारी. नुसतं 'खोल जमीन' म्हटलं तर मला खोलगट, पाणी साचणारं शेत डोळ्यांपुढे येतं. तुमच्याकडे काय म्हणतात? आणि अशा चराऊ रानाला कुरण म्हणावं की गायरान?

कृष्णाकाठ
संपादकांचं बरोबर आहे. भारी म्हणजे चिकणमाती जास्त असलेली काळी. ओली झाली की चपलेला किलोभर चिकटते, वाळली की पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी जमीन बहुधा खोल असते, पण 'भारी' हे नाव खोलीवरून पडलेलं नाही, औताला जड जाते म्हणून पडलं. आमच्या ऊसपट्ट्यात पाटाचं पाणी बेसुमार दिलं तर पहिल्यांदा चिबड, म्हणजे पाणथळ, होते ती भारी जमीनच. डोंगरातल्या त्या मातीला हा शब्द लावलात तर शेतकरी वाचक चकेल.

शब्दवेध
पण पीकपत्रिकांत 'मध्यम ते भारी, पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी' हे वाक्य आपण सगळ्यांनी शेकडो वेळा वाचलंय. म्हणजे भारी आणि निचरा एकत्र नांदतात.

कृष्णाकाठ
नांदत नाहीत म्हणून तर ती अट घालावी लागते. मुरमाड जमिनीबद्दल 'निचरा होणारी निवडा' असं कोणी लिहीत नाही.

वासॅचकर
मी सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. रोजच्या फिरण्यातली माती आहे, म्हणून लिहितो. इथल्या मृदा सर्वेक्षणात खोली आणि पोत (म्हणजे मातीत वाळू किती, चिकणमाती किती) या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. खोली म्हणजे खडक किंवा मुळं अडवणारा कठीण थर लागेपर्यंतचं अंतर. 50 सेंटिमीटरच्या आत उथळ, 100 ते 150 खोल, त्यापुढे अतिखोल. निचऱ्याचे सात वर्ग आहेत. त्यातला 'चांगला निचरा' म्हणजे पाणी सहज निघून जातं, पण झपाट्याने नाही. आपण जिला बिनदिक्कत निचऱ्याची म्हणतो ती मुरमाड जमीन इथे त्याच्याही वरच्या, 'अति निचरा' वर्गात जाऊ शकते. खड्डा खणला की तांबूस आणि करडे डाग कुठे दिसतात ते बघायचं. मुळांच्या पट्ट्यात ते नसतील तर पाणी तिथे फार काळ थांबत नाही.
इथली ओल मुख्यतः बर्फाची. हिवाळाभर साठलेलं बर्फ वसंतात वितळतं, आणि उन्हाळा जवळपास कोरडा जातो. उथळ मातीवरचं गवत लवकर पिवळं पडतं, खोल मातीवरचं बराच काळ तग धरतं. म्हणून वर्णनात 'खोल' आधी येतं. हा शब्द गाळू नका.
जाता जाता, त्या रानांत सगळीकडे दिसणारं सेजब्रश हे झुडूप आपल्या दवण्याच्या प्रजातीतलं, आर्टिमिसियाच. पान चुरगळून बघितलं की पटतं.

लाल माती
दवण्याचं वाचून फार आनंद झाला, जोतिबाच्या वाटेवर असल्यासारखं वाटलं.
कोकणातून सांगते. भारी आणि हलकी ही देशावरची जोडी आहे, ती जांभ्याच्या मातीला धड लागत नाही. डोंगरउतारावरची लाल माती कुठे कुठे चांगली खोल असते आणि एवढ्या पावसातही पाणी पोटात घेते. तिला आम्ही भारी म्हणत नाही. नाचणी-वरीच्या उताराला वरकस म्हणतो, पण तो शब्द जमिनीच्या वापराचा, मातीच्या गुणाचा नाही. 'जाड थराची, निचऱ्याची माती' असं लिहिलंत तर? 'जमीन'ऐवजी 'माती' घेतली की खोलगटचा घोळ मिटतो.

शब्दवेध
'माती' घरगुती वाटते. शास्त्रीय लेख आहे, तिथे 'मृदा' हवं. 'खोल, सुनिचरित मृदा' हे नेमकं आणि आटोपशीर आहे.

वऱ्हाडी
'सुनिचरित' कोणाच्या तोंडी बसणार आहे? मासिक शेतकरी वाचतो. माझे वडील जमीन आरोग्य पत्रिका घेऊन येतात तेव्हा म्हणतात, 'मातीचा रिपोर्ट आला.' शब्द घडवायला ना नाही, पण ज्या कामाला शब्द आधीच आहे तिथे नवा कशाला बसवायचा? 'निचऱ्याची' हा शब्द पुरेसा आहे.

शब्दवेध
संस्कृत म्हणजे परकं असं का धरता? 'माती' मृत्तिकेपासूनच आली आणि 'मऊ' मृदूपासून. वासॅचकर सांगतात तसल्या गवताळ, गडद मातीच्या गटाला शास्त्रात मॉलिसॉल म्हणतात. त्यातला लॅटिन 'मोलिस' म्हणजे मऊ, आणि तो आपल्या 'मृदु'चा सख्खा भाऊबंद आहे. आजीच्या तोंडचा 'मऊ' आणि प्रयोगशाळेतला मॉलिसॉल एकाच घरचे. हे धागे मृदा शब्दात दिसतात, म्हणून मला तो टिकवावासा वाटतो.

वऱ्हाडी
धागा सुंदर आहे. पण तुमच्याच म्हणण्यानुसार तो 'मऊ'तही आहे आणि 'माती'तही. मग 'मऊ माती'ला का हरकत?

मुक्ता
कुरण-गायरानाचं राहिलं. गायरान ही महसुली नोंद आहे, गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. ते नाव अमेरिकेतल्या डोंगराला देता येणार नाही. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेलं, बऱ्याचदा कापणीपर्यंत चराई बंद ठेवलेलं. इथे तर नैसर्गिक गवत आणि झुडपं, न पेरलेली, आणि जनावरं मोकळी चरतात. मूळ प्रश्नात तुम्ही सहज लिहिलेलं 'चराऊ रान' हेच मला सगळ्यात बरोबर वाटतं. मेंढपाळ तर नुसतं 'रान' म्हणतात.

वासॅचकर
चराऊ रानाला माझंही मत. एक भर घालतो. इथे बर्फ वितळल्याबरोबर जनावरं वर सोडत नाहीत. माती गच्च ओली असताना खूर रुततात, माती दबते आणि तो रवाळपणा जातो. थोडी सुकून रान सावरेपर्यंत थांबतात. या अवस्थेला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ
वाफसा! रान वाफशावर आलं की सोडायचं. याहून चांगला शब्द कुठल्याही भाषेत सापडणार नाही.

वऱ्हाडी
आमच्याकडे वापसा. मूठभर माती घेऊन दाबायची. गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये, आणि छातीएवढ्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर वखर घरी ठेवायचा. हीच तुमची निचऱ्याची परीक्षा समजा. निचऱ्याची जमीन पाऊस थांबल्यावर लवकर वापशावर येते, काळी आठ-आठ दिवस खोळंबून ठेवते.

शब्दवेध
'वापसा' हे रूप जास्त जुनं असावं. संस्कृत 'वाप' म्हणजे पेरणी. पेरणीजोगी ओल, ती वापसा. वाफ्याशीही त्याचं नातं असावं असं मला वाटतं. 'फ' नंतर वाफेच्या ओढीने आला.

कृष्णाकाठ
पटत नाही. द्राक्षबागेत, उभ्या उसातही आम्ही वाफशाची वाट बघतो, तिथे पेरणी कुठे असते? पाणी उतरून मातीच्या पोकळ्यांत हवा खेळायला लागते, तो वाफसा. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या चार सूत्रांत जीवामृत, बीजामृत, आच्छादन यांच्या जोडीला वाफसाच आहे, आणि ते तो वाफेवरूनच समजावतात.

शब्दवेध
त्यांचं विवेचन शेतीचं आहे, व्युत्पत्तीचं नाही. आज शब्द कुठल्या अर्थाने वापरतात यावरून तो जन्मला कुठे हे ठरत नसतं.

लाल माती
आमच्या आईकडे, राजापूर भागात, दोन्ही रूपं कानावर पडत नाहीत. भाताला चिखल हवा, तिथे वाफशाची गरज कुठे? 'जमीन ओढली' म्हणतात. आणखी कुठे म्हणतात का हे?

डोंगरवाट
'चराऊ रान' घेतलं. 'जाड थराची, निचऱ्याची माती' पाठवून बघते, पण 'जाड थर' म्हटल्यावर वरचा एकच थर जाड आहे असं वाटेल का? इथे खालपर्यंतची सगळी माती मिळून खोली सांगायची आहे.

वऱ्हाडी
@लाल माती, 'ओढली' आमच्याकडेही आहे, पण अर्थ उलटा! जमिनीने ओल ओढली म्हणजे वरून सुकली, पेरणीची वेळ टळली. तुमच्याकडे ते चांगल्या अर्थाने म्हणतात का?

लाल माती
हो, चांगल्याच अर्थाने. जमीन ओढली म्हणजे आता पाय रुतत नाही, भाजीचे वाफे करायला घ्या.

शब्दवेध
बघा, 'वाफे' तिथेही आलेच.