मदत हवी आहे: बाबांना स्ट्रोक, आता स्पायरोमेट्रीही खराब. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असतो का?

उंबरठा:

बाबा ६७ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी पहाटे उठले तेव्हा उजवी बाजू गेलेली. मेंदूत गुठळी अडकून झालेला स्ट्रोक. आता काठी घेऊन चालतात. बोलणं बरंचसं परत आलंय, उजव्या हाताची पकड अजून नाही. तोंडाचा उजवा कोपरा किंचित उतरलाय, चूळ भरताना त्या बाजूने पाणी ओघळतं. चाळीस वर्षं सिगारेट ओढली, स्ट्रोक झाला त्या दिवशी सुटली ती सुटलीच.

प्रश्न आता दमाचा आहे. घरातल्या घरात दोन फेऱ्या झाल्या की खुर्ची शोधतात. फिजिओ म्हणाले, नुसता अशक्तपणा वाटत नाही, फुप्फुसं तपासून घ्या. म्हणून स्पायरोमेट्री केली, म्हणजे नळीत जोरात फुंकून हवा मोजायची चाचणी. रिपोर्टमध्ये एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, १.३२ लिटर (अपेक्षितच्या ५७ टक्के), एफव्हीसी, म्हणजे एका फुंकरीतली सगळी हवा, १.६९ लिटर (५६ टक्के), दोन्हींचं गुणोत्तर ०.७८. शेरा: "फुप्फुसांचं आकुंचन असू शकतं." आणि खाली छापलंय, "दर्जा: ई". ते वाचून मी रात्रभर जागी होते.

न्यूरोचे डॉक्टर म्हणतात हे छातीवाल्यांना दाखवा. छातीचे डॉक्टर म्हणतात आधी हृदय बघून घ्या. हृदयाचे म्हणतात इको ठीक आहे, तीन महिन्यांनी या. तिन्ही फायली माझ्या पिशवीत, आणि तिन्ही एकत्र उघडून बसणारं कुणी नाही.

मला विचारायचंय ते असं. फुप्फुसं कमजोर होती म्हणून स्ट्रोक आला का? आता पुन्हा येण्याचा धोका जास्त आहे का? इन्हेलर लागेल असं एक डॉक्टर ओझरतं म्हणाले, पण दादा म्हणतो त्याने ठोके वाढतात, हृदयाच्या माणसाला देऊ नये. शिवाय बाबांना मेटोप्रोलोल (ठोके आणि बीपी कमी करणारी गोळी) चालू आहे, त्यानेच तर दम लागत नसेल? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

झुळूक७१:

काळजी करू नका. रोज वीस फुगे फुगवायला द्या. माझ्या मामांचा दम महिन्यात गेला.

रात्रपाळी:

झुळूक, राग मानू नका, पण स्ट्रोकनंतर चार महिन्यांच्या माणसाला जोर लावून फुगे फुगवायला सांगू नका. कुंथून फुंकताना बीपी वरखाली होतं. बरं, ओठ एका बाजूने मिटत नसतील तर फुगा फुगणारच नाही, आणि त्यांना वाटेल आपण इतकंही करू शकत नाही. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर फुग्याने त्या रुंद होत नाहीत.

पानोपानी:

संबंध आहे का, एवढ्यापुरतं लिहितो. मी डॉक्टर नाही, स्वतःच्या आजारपणात वाचत गेलो.

संबंध आहे, आणि तो जुना आहे. आपण ज्याला स्पायरोमीटर म्हणतो त्याचा मूळ पुरुष जॉन हचिन्सन, लंडनचा डॉक्टर. १८४६ साली त्याने दोन हजारांहून जास्त लोकांच्या फुंकरी मोजून प्रसिद्ध केल्या आणि त्या मापाला नावच दिलं 'प्राणक्षमता' अशा अर्थाचं. आयुष्याचा विमा उतरवताना याचा उपयोग होईल, असंही त्याचं म्हणणं होतं. म्हणजे फुंकर आणि आयुर्मान यांची सांगड तेव्हापासूनची. पुढे अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासात तेच दिसलं. ज्यांची ही क्षमता कमी, त्यांना हृदयविकार जास्त. हे १९८३ साली छापून आलं.

स्ट्रोकबद्दल कोपनहेगनच्या लोकांवरचा २००१ सालचा निष्कर्ष लक्षात राहण्यासारखा आहे. अपेक्षित एफईव्ही१ दर दहा टक्क्यांनी घटला की पहिल्या स्ट्रोकची जोखीम साधारण पाच टक्क्यांनी वाढलेली. धूम्रपानाचा हिशोब वजा करूनही. स्कॉटलंडमधल्या रेनफ्रू आणि पेजली इथल्या १५ हजारांवर लोकांच्या अभ्यासात तर कधीच सिगारेट न ओढलेल्यांमध्येही कमी एफईव्ही१ आणि लवकर मृत्यू यांचं नातं दिसलं होतं.

आता तुमचा खरा प्रश्न, फुप्फुसांमुळे स्ट्रोक आला का. एकाने दुसऱ्याला ढकललं असं सरळ नसतं. सिगारेटच्या धुराने श्वासनलिका सुजतात, आणि तोच धूर धमन्यांच्या आतल्या अस्तराची नासाडी करतो. दोन्हीकडे एकच हात. त्याशिवाय फुप्फुसांतली सूज तिथेच थांबत नाही, रक्तातही उतरते. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो. २०१० साली एक अमेरिकन अभ्यास आला होता. त्यात फुप्फुसांची थोडीशीच झीज असलेल्यांच्याही हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त कमी भरत होतं, पंप मात्र नीट चालत होता. म्हणून नुसतं "इको ठीक आहे" ऐकून फाइल मिटू नका, कप्पा भरण्याबद्दल काय लिहिलंय ते विचारा.

आणि एक गोष्ट न चुकता विचारा. होल्टर, म्हणजे अंगावर यंत्र लावून ठोके सलग नोंदवणं, झालंय का? फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांत एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड, जास्त आढळते. ती येऊन-जाऊन असते, दहा सेकंदांच्या ईसीजीत सापडेलच असं नाही. तिने स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो. आणि ती सापडली तर औषध बदलतं, नुसती अ‍ॅस्पिरिन पुरत नाही.

रात्रपाळी:

पानोपानी यांना +१. मी पेशाने फुप्फुसांच्या चाचण्या करते, दिवसाला पंधरा-वीस जणांना "फुंका, फुंका, फुंका, अजून अजून अजून" म्हणून ओरडते, म्हणून वेगळंच सांगायचंय.

उंबरठा, आधी झोपा. 'दर्जा ई' हा बाबांच्या फुप्फुसांचा दर्जा नाही. तो चाचणीचा आहे. एकसारख्या तीन चांगल्या फुंकरी मिळाल्या, त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एकमेकींच्या १५० मिलीच्या आत आल्या, तर 'ए'. 'ई' म्हणजे धड एकच फुंकर मिळाली, किंवा मिळाल्या त्या एकमेकींशी जुळल्याच नाहीत. थोडक्यात, मशीन स्वतःच सांगतंय की या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. दुर्दैवाने ते कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

तुमच्या पहिल्याच परिच्छेदात मला काय दिसलं सांगू? चूळ भरताना ओघळणारं पाणी. जिथून पाणी ओघळतं तिथूनच हवाही निसटते. तोंडातल्या नळीभोवती ओठ घट्ट मिटले नाहीत की फुंकरीचा बराचसा भाग गालाशेजारून बाहेर जातो, मशीनला कळतच नाही. शिवाय स्ट्रोकनंतर पोटाचे स्नायूही एका बाजूने ढिले पडतात, माणूस शेवटपर्यंत फुंकत नाही, मध्येच सोडतो.

याचा परिणाम उलटा होतो. पहिल्या सेकंदातली हवा (एफईव्ही१) त्यातल्या त्यात पकडली जाते, कारण तेव्हा जोर असतो. पुढची सगळी, म्हणजे एफव्हीसी, गळून जाते. मग गुणोत्तर मोठं दिसतं. ०.७० च्या वर दिसलं की "अडथळा नाही, आकुंचन असेल" असा शेरा येतो, म्हणजे हवा बाहेर यायला अडत नाही, फुप्फुसांत मावतेच कमी. चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाचं गुणोत्तर ०.७८ आणि दोन्ही आकडे सारखेच खाली, हे मला तरी पटत नाही. खाली असलेला अडथळा या गळतीने झाकला गेला असेल.

पुन्हा करून घ्या. जाताना सांगा की चेहऱ्याची उजवी बाजू कमजोर आहे. तंत्रज्ञाने बोटांनी ओठाचा कोपरा नळीवर दाबून धरायचा, नाहीतर तोंड-नाक झाकणारा मास्क वापरायचा. सरळ बसवायचं, पाठीला टेका, दोन फुंकरींमध्ये पुरेसा वेळ. दाब चढत असेल तर त्या दिवशी नको. रिपोर्टमधला आलेख मागून घ्या. वक्ररेषा झपकन चढून सावकाश उतरत गेली पाहिजे. मध्येच कड्यासारखी तुटली असेल तर फुंकर अर्धवट आहे.

आणि श्वासनलिका उघडण्याचं औषध देऊन नंतरची चाचणीही हवी. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचं, निदान त्या नंतरच्या आकड्यावर करतात.

काठीचा_आवाज:

आमच्याकडे आईचं असंच झालं होतं, म्हणून इन्हेलरबद्दल अनुभव सांगतो.

दादांची भीती अगदीच निराधार नाही. झटपट आराम देणाऱ्या सॅल्ब्युटामॉलने हात थरथरतात, ठोके थोडे वाढतात. पण रोजच्या सीओपीडीच्या उपचारात बहुतेक वेळा वेगळी, बारा किंवा चोवीस तास चालणारी औषधं असतात. त्यांतल्याच टायोट्रोपियमवर चार वर्षं चाललेली मोठी चाचणी २००८ साली छापून आली, तिच्यात स्ट्रोक वाढल्याचं दिसलं नाही. मेटोप्रोलोल मुख्यतः हृदयावर चालतं, श्वासनलिकांवर कमी. त्यामुळे सीओपीडीच्या रुग्णांना हृदयाच्या कारणासाठी ते देतात. त्याच गटातल्या प्रोप्रॅनोलोलची गोष्ट निराळी, ते श्वासनलिकांवरही चालतं. काहीही असो, मेटोप्रोलोल स्वतःहून बंद करू नका. एकदम सोडल्याने ठोके आणि बीपी उसळतात, आणि ते स्ट्रोकच्या माणसाला परवडत नाही.

धोका इन्हेलरपेक्षा छातीच्या जंतुसंसर्गात जास्त आहे. सीओपीडी अचानक बळावली की पुढच्या ३० दिवसांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेंचा धोका जवळजवळ चौपट होतो, असं २०१८ सालच्या एका अभ्यासात आलंय. म्हणून फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस आधी विचारा. पाणी पिताना ठसका लागतो का तेही बघा. गिळणं बिघडलं असेल तर घोट फुप्फुसांत जातो, आणि मग न्यूमोनिया.

आता खरी अडचण, जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. इन्हेलर वापरायला दोन हात लागतात. आईला कॅप्सूलवाला दिला होता. एका हाताने कॅप्सूल पत्र्यातून काढायची, खोबणीत बसवायची, दोन्ही बाजूंची बटणं दाबायची. तिचा डावा हात मुठीत वळलेला. तीन आठवडे ती औषध घेतेय असं आम्ही समजत होतो. एक दिवस उशीखाली न फुटलेल्या कॅप्सूल सापडल्या. शिवाय तसला इन्हेलर जोरात ओढावा लागतो, तो जोर तिच्यात नव्हता. नंतर दाबायचा इन्हेलर, स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क असं दिलं. दाबायचं काम आमचं, ती फक्त सावकाश श्वास घेते.

उंबरठा:

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. परवा चाचणी पुन्हा झाली.

मी आत गेल्या गेल्या रात्रपाळी यांचं वाक्य म्हणून दाखवलं. तिथल्या मुलीने आधी नुसतं फुंकायला लावलं आणि बाबांच्या गालाजवळ हात धरला. म्हणाली, "काकू, हात लावून बघा." मी लावला. सुईच्या भोकातून यावी तशी गरम हवा बोटांवर येत होती. मग तिने हातमोजे घालून कोपरा दाबून धरला. पहिल्या दोन फुंकरी फुकट गेल्या, कारण बाबांना हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

आकडे: औषधानंतर एफईव्ही१ १.५८ (६९ टक्के), एफव्हीसी २.४६ (८२ टक्के), गुणोत्तर ०.६४. दर्जा 'बी'. म्हणजे आकुंचन नाही, अडथळाच आहे. मध्यम सीओपीडी. चांगली बातमी की वाईट, मला ठरवता येत नाही. आकडे सुधारले आणि आजाराला नाव मिळालं, दोन्ही एकाच कागदावर.

होल्टर अजून झालेलं नव्हतं. आता सात दिवसांचा मॉनिटर लावायचं ठरलंय, न्यूरोच्या डॉक्टरांनीच लिहून दिलं. आणि हो, पाणी पिताना ठसका लागतो. मी ते "घाईघाईने पितात" म्हणून सोडून दिलं होतं. गिळण्याच्या तपासणीची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.

सिगारेटबद्दल बाबांनी विचारलं, "आता सोडून काय उपयोग, व्हायचं ते होऊन गेलं." काय सांगू?

पानोपानी:

त्यांना आकडा सांगा. फ्रेमिंगहॅममध्येच दिसलं होतं, सिगारेट सोडल्यावर स्ट्रोकचा धोका दोन वर्षांत बराच उतरतो आणि पाच वर्षांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येतो. फुप्फुसांचं तसं नाही, गेलेलं परत येत नाही, फक्त घसरण मंदावते. पण धमन्या बऱ्याच उदार असतात. चार महिने त्यांचे भरलेत.

रात्रपाळी:

'बी' आलं हे वाचून इथे एकटीच टाळ्या वाजवल्या! इन्हेलर कुठला लिहून दिलाय? नाव टाकण्याआधी बाबांच्या समोर डबी ठेवा आणि त्यांना एकट्याला, डाव्या हाताने, ती उघडायला सांगा. तुम्ही मदत करू नका. नाही उघडली तर परत जाऊन स्पेसर मागा.

उंबरठा:

कॅप्सूलवालाच लिहून दिलाय. आत्ताच समोर ठेवला. टोपण दातांनी उघडायला निघाले. उद्या परत जाते.