मॅकवरचा रिझॉल्व्ह प्रोजेक्ट विंडोजवर कसा न्यायचा?

जत्रेची डॉक्युमेंटरी मॅकवर डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट केलीये, कलरचं काम (रंग सुधारणं) मित्राच्या विंडोज पीसीवर करायचंय. डीआरपी फाईल (रिझॉल्व्हची प्रोजेक्ट फाईल) तिकडे उघडली तर टाइमलाइन दिसते पण सगळ्या क्लिप लाल, मीडिया ऑफलाइन! मराठी टायटल्सचा फॉन्टपण बदललाय. काय करू?

उत्तर १: डीआरपीत फक्त एडिट असतं रे, फुटेज नसतं. आणि मॅकवर बाहेरच्या ड्राइव्हचा पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, /Volumes पासून सुरू होतो, विंडोजला डी नाहीतर ई ड्राइव्ह लागतो, मग क्लिप सापडणार कुठून. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून एक्सपोर्ट प्रोजेक्ट अर्काइव्ह कर, फुटेजसकट डीआरए फोल्डर बनतो, तो तिकडे रिस्टोअर करायचा. ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये ठेव, फॅट३२ फॉरमॅटवर 4 जीबीच्या वरची फाईल बसतच नाही.

उत्तर २: फुटेज आधीच कॉपी केलं असेल तर क्लिप सिलेक्ट करून रीलिंक कर, म्हणजे फुटेज आता कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते दाखव, पटकन होतं. फॉन्ट बहुतेक कोहिनूर देवनागरी असणार, तो मॅकसोबत येतो, विंडोजवर नसतो. मुक्त (Mukta) नावाचा फॉन्ट टाक दोन्हीकडे, फुकट आहे आणि जोडाक्षरं काय सुंदर दिसतात!

उत्तर ३: साउंडला ऑडिओ युनिट प्लगइन लावलेत का? ते फक्त मॅकवर चालतात, तो ट्रॅक आधीच बाउन्स करून घे, म्हणजे इफेक्टसकट नवीन ऑडिओ बनवून घे. आणि मित्राचं रिझॉल्व्ह तुझ्यापेक्षा जुनं नको, नाहीतर प्रोजेक्ट उघडणारच नाही.