गाडीतील मूळ स्पीकर बदलताना सुरुवात कुठून करावी?

पाऊलवाट:

नमस्कार. माझ्या गाडीत कंपनीने बसवलेली ध्वनियंत्रणा आहे. डॅशबोर्डमध्ये टचस्क्रीनचा स्टिरिओ, चारही दारांत साडेसहा इंची स्पीकर आणि पुढच्या आरशांलगतच्या त्रिकोणी आवरणांत वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर, म्हणजे ट्वीटर, असे तिचे स्वरूप आहे. हळू आवाजात बातम्या किंवा मुलाखती ऐकताना काही खटकत नाही. मात्र महामार्गावर वेग घेतल्यावर आवाज वाढवला की डग्ग्याचा घुमारा हरवतो, गाणाऱ्याचा वरचा स्वर कानाला टोचू लागतो आणि खर्जातल्या एका ठरावीक स्वराला डाव्या दाराचे पॅनेल खडखडते.

चौकशी केली तेव्हा कोणी फक्त स्पीकर बदलण्याचा सल्ला दिला, तर कोणी ‘५० वॉट गुणिले ४’ असे लिहिलेला नवा स्टिरिओ घ्यायला सांगितले. डिक्कीत सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा स्पीकर, टाकल्याशिवाय काहीच साधणार नाही, असेही एकाने ठामपणे बजावले. रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणे मूळ स्टिरिओशी जोडलेली असल्यामुळे तो शक्यतो बदलायचा नाही आणि कंपनीच्या तारा कापायच्या नाहीत, एवढ्याच माझ्या अटी आहेत. काम टप्प्याटप्प्याने करायची तयारी आहे. त्यात पहिला टप्पा कोणता असावा?

सप्तकमापक:

नवा स्टिरिओ घेण्याचा विचार निदान शक्तीच्या कारणासाठी तरी सोडून द्यावा, असे माझे मत आहे. इंजिन चालू असताना गाडीच्या विद्युतयंत्रणेत साधारण १४.४ व्होल्टपर्यंत दाब असतो आणि स्टिरिओमधली ॲम्प्लिफायरची चिप थेट त्याच दाबावर चालते. चार ओहमच्या स्पीकरला या दाबात विकृतीविना मिळू शकणारी शक्ती कागदोपत्रीसुद्धा १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे सुमारे २६ वॉट भरते. चिपमधली घट वजा केल्यावर प्रत्यक्षात १८ ते २० वॉट हाती येतात. मग ५० हा आकडा आला कुठून? त्याच वर्गाला ८ ऐवजी ४ ने भागले की जवळजवळ ५२ येतात, म्हणजे ध्वनीची लाट पूर्णपणे चौकोनी होईपर्यंत चिरडली गेल्यावरची ती शक्ती आहे. त्या अवस्थेतले गाणे कोणी ऐकू शकणार नाही, परंतु खोक्यावर छापायला आकडा बरा दिसतो. आपल्या गाडीतील स्टिरिओची आणि दुकानातल्या नव्या स्टिरिओची चिप बहुधा याच जातकुळीतली असते.

त्यामुळे वेगळा ॲम्प न लावता केवळ स्पीकर बदलणार असाल, तर वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटीचा आकडा आधी पाहावा. एका वॉटला एका मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, हे तो आकडा सांगतो आणि त्यातला ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक असतो. ९२ डेसिबलचा स्पीकर १८ वॉटमध्ये जेवढा वाजतो, तेवढाच आवाज काढायला ८९ डेसिबलच्या स्पीकरला ३६ वॉट लागतात. मात्र काही उत्पादक हा आकडा एका वॉटऐवजी २.८३ व्होल्टला मोजून देतात. चार ओहमच्या स्पीकरमध्ये एवढ्या दाबाने दोन वॉट जातात, म्हणून तो आकडा ३ डेसिबलने फुगलेला असतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.

कंपनीच्या स्पीकरचा कागदी कोन आणि बोटभर चुंबक पाहून नाक मुरडले जाते, परंतु हलक्या कोनामुळे तो थोड्या शक्तीतही बऱ्यापैकी वाजतो. त्या जागी जड कोनाचा, ८६ डेसिबलचा महागडा स्पीकर बसवून तो मूळ स्टिरिओवरच चालवला, तर आवाज पूर्वीपेक्षा कमी झाल्याचे जाणवते आणि लोक बुचकळ्यात पडतात. शिवाय काही गाड्यांचे मूळ स्पीकर चार ओहमचे नसून दोन ओहमचे असतात, तेव्हा काढलेल्या स्पीकरच्या पाठीवरचा शिक्का अवश्य वाचावा.

पत्राआणिध्वनी:

वरील गणित बिनचूक आहे, तरीही माझ्या मते पहिला टप्पा स्पीकर किंवा ॲम्प हा नसून दार हा आहे. धागाकर्त्यांनी दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहावी. रिकाम्या डब्यासारखा टणटण आवाज आला, तर खडखडाटाचे निम्मे उत्तर तिथेच मिळाले असे समजावे.

कोन पुढे सरकताना त्याच्या पुढे जेवढी हवा दाबली जाते, तेवढीच मागे विरळ होते. या दोन लहरी एकमेकींना भेटल्या की त्या परस्परांना रद्द करतात आणि हे खर्जाच्या बाबतीत सर्वाधिक घडते. दाराचे पॅनेल उतरवल्यावर आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भगदाडे दिसतात, जी काच उचलण्याच्या यंत्रणेसाठी ठेवलेली असतात आणि अनेक गाड्यांत काळ्या चिकट दोरीने लावलेल्या पातळ प्लास्टिकने झाकलेली असतात. तो कागद पाणी अडवतो, ध्वनी नव्हे. मागची लहर तिथून आरामात पुढे येते आणि आपला घुमारा तिथेच संपतो.

त्यावर उपाय म्हणजे ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइलची डॅम्पिंग शीट. बाहेरच्या पत्र्याचा कंप मोडण्यासाठी तो संपूर्ण मढवावा लागत नाही. स्पीकरच्या बरोबर मागचा भाग आणि पत्र्याचे मोठे सपाट पट्टे मिळून पाव ते एक तृतीयांश क्षेत्र झाकले तरी टकटकीचा आवाज ‘ठप्प’ असा येऊ लागतो. आतल्या पत्र्यावरची भगदाडे मात्र पूर्ण बंद करायची असतात. मोठ्या भोकांवर नुसती शीट ताणली तर ती पडद्यासारखी हलते, म्हणून खाली कडक प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा द्यावा. शीट लावण्याआधी पत्रा अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढावा आणि नंतर रोलर इतका दाबून फिरवावा की पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईल. दाराच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी ठेवलेली छिद्रे कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत. काचेच्या फटीतून पाणी आत उतरतेच आणि अडून राहिले की पत्रा आतून गंजतो. याच कारणाने स्पीकरखालची कडी एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या फळीची, घेऊ नये, ती ओल शोषून फुगते. प्लास्टिकची किंवा धातूची कडी बरी. ती निवडण्यापूर्वी काच पूर्ण खाली उतरवून चुंबकाच्या पाठीमागे किती जागा उरते, हे मोजावे.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. काही गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी दारात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि धडकेच्या क्षणी दाराच्या पोकळीतला दाब अचानक वाढतो, यावर त्याचे काम चालते. तो झाकू नये, हलवू नये आणि पत्र्याला नवी भोकेही पाडू नयेत. गाडीच्या पुस्तिकेत या सेन्सरचा उल्लेख असेल, तर बॅटरीची ऋण तार काढून, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून मगच पॅनेलला हात घालावा.

पॅनेल परत बसवताना स्पीकर आणि जाळी यांच्यामधली फट फोमच्या कडीने भरावी. क्लिप, कुलपाच्या सळ्या आणि सैल लोंबणाऱ्या तारा यांना फेल्टची पट्टी गुंडाळावी. खडखडाट बहुतेक वेळा यांचाच असतो.

खर्जप्रेमी:

दाराचे महत्त्व मान्य आहे, पण मूळ तक्रार पुन्हा वाचावी. घुमारा हरवतो तो महामार्गावर, घरासमोर उभ्या गाडीत नव्हे. टायर, वारा आणि इंजिन यांचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो आणि तो नेमका डग्ग्याचा, ढोलाचा, बेस गिटारचा स्वर झाकून टाकतो. तेव्हा आपण आवाज वाढवतो, त्यासोबत वरचे स्वरही वाढतात आणि तेच कानाला टोचतात.

साडेसहा इंची स्पीकरने ही भरपाई करावी, अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर कोनाला चौपट अंतर हलावे लागते. म्हणजे ८० हर्ट्झला जो कोन एक मिलिमीटर हलतो, तो ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलला पाहिजे. दारातल्या स्पीकरची त्यात दमछाक होते आणि त्याच कोनावर स्वार असलेला गायकाचा आवाजही गढूळ होतो. म्हणून लहानसा बंद पेटीचा सबवूफर किंवा सीटखाली मावणारा, ॲम्प अंगचाच असलेला सबवूफर लावून दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे स्वर अडवणारी गाळणी, द्यावा. खर्ज सुधारतोच, पण खरा आश्चर्याचा भाग म्हणजे मधले स्वर स्वच्छ होतात. त्यातून गाडीची बंद केबिन अगदी खालच्या स्वरांना स्वतःहून उचलून धरते, त्यामुळे खालच्या स्वरांत बंद पेटीचा आवाज जो उतरत जातो, तो बऱ्यापैकी भरून निघतो. भोकाची पेटी अधिक दणकते, परंतु तिला जागा जास्त लागते आणि तिचे माप चुकले तर एकच स्वर गुंजत राहतो.

मूळ स्टिरिओ ठेवायचा असल्याने स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुटचा ॲम्प निवडावा. शक्य असल्यास त्यात डीएसपी, म्हणजे ध्वनीवर डिजिटल संस्कार करणारी चिप, असावा. काही कंपन्यांचे स्टिरिओ आवाज वाढेल तसतसा खर्ज मुद्दाम कमी करतात, जेणेकरून मूळ स्पीकर फाटू नयेत. डीएसपीने यातले सगळे नाही, पण बरेचसे सुधारता येते. शिवाय चालकाच्या जवळचा स्पीकर आणि पलीकडचा स्पीकर यांच्या अंतरात अर्धा मीटर फरक असेल, तर जवळचा ध्वनी सुमारे दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि संपूर्ण गाणे त्याच कोपऱ्यात गोळा होते. जवळच्या स्पीकरला तेवढा विलंब दिला की गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन बसतो. एकट्याने गाडी चालवणाऱ्यांना ही एक सोय स्पीकरच्या किमतीपेक्षा मोलाची वाटते. शेजारी बसणाऱ्याला मात्र ती तितकी रुचत नाही.

पाऊलवाट:

सर्वांचे आभार. आधी पुढची दोन दारे, त्यात वेगळ्या ट्वीटरचे कंपोनंट स्पीकर, त्यानंतर डीएसपी असलेला चार चॅनेलचा छोटा ॲम्प आणि शेवटी जागा पाहून सबवूफर, असा क्रम ठरवत आहे. मागचे स्पीकर बदलणे आवश्यक आहे का? बॅटरीपासून जाड तार आणण्याची थोडी धास्ती वाटते. एका परिचिताच्या गाडीत ॲम्प लावल्यापासून इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू येते, ती कशाने येत असावी?

तारजोड:

मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्यावेत. मागे बसणाऱ्यांना ते पुरतात आणि पुढे बसणाऱ्याला त्यांचा आवाज कमीच ठेवलेला बरा वाटतो.

तारेविषयीची धास्ती योग्य आहे, पण तिला सोपे उत्तर आहे. प्रत्येकी ५० वॉटचे चार चॅनेल म्हणजे २०० वॉट. क्लास-डी ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर २५० वॉट, म्हणजे पूर्ण जोरात सुमारे १८ अँपिअर प्रवाह होतो. प्रत्यक्ष संगीतात सरासरी याहून बरीच कमी असते. ८ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार याला पुरेशी आहे. स्वस्त संचात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास असल्याने तीच घ्यायची झाल्यास एक माप जाड घ्यावी. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे, कारण तो ॲम्पला नव्हे तर तारेला वाचवण्यासाठी असतो. तार कुठे घासून बॉडीला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा पूर्णपणे असुरक्षित असतो. इंजिनच्या भिंतीतून तार नेताना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेपासून तार वाचवणारी कडी, वापरावे.

ती शिट्टी अल्टरनेटरची आहे आणि बहुतेक वेळा अर्थिंगमुळे येते. अर्थची तार आखूड ठेवून, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावी. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये. पॉवरची तार एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्यावी, एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे.

तारा न कापण्यासाठी आपल्या गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो, तो स्टिरिओ आणि मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीच्या तारांचा जुडगा, यांच्यामध्ये बसवावा. मात्र एक पथ्य पाळावे: स्टिरिओतून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एकही तार अर्थ नसते. ऋण समजून ती बॉडीला जोडली, तर स्टिरिओतली चिप जळू शकते.

सप्तकमापक:

एक पुरवणी. ॲम्पवरचा गेन हा आवाज वाढवण्याचा खटका नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्पचा मेळ घालण्यासाठी तो असतो. स्पीकर सुटे करून, स्टिरिओचा आवाज सुमारे तीन चतुर्थांशावर ठेवून ३०० हर्ट्झचा चाचणीस्वर पूर्ण पातळीवर वाजवावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळूहळू वाढवावा. चार ओहमला ५० वॉट म्हणजे १४.१ व्होल्ट, तिथे थांबावे. फार वरचा स्वर घेऊ नये, कारण स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचे वाचन देतात.

पॅनेल बंद करण्यापूर्वी ध्रुवताही तपासून घ्यावी. तारा ॲम्पपासून सुट्या असताना ॲम्पकडच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक धन तारेला लागले असता दोन्ही दारांचे वूफर बाहेरच्या दिशेने सरकले पाहिजेत. एक बाहेर आणि दुसरा आत जात असेल, तर खर्ज पुन्हा नाहीसा होईल आणि त्याचे खापर स्पीकरवर फोडले जाईल.