'व्हायरल व्हेक्टर' आणि 'यकृताला लक्ष्य करणे': मराठीत काय लिहावं?

विचारणा
हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी जनुकोपचाराची माहितीपत्रिका मराठीत लिहिते आहे. 'व्हायरल व्हेक्टर'ला, म्हणजे पेशीत जनुक नेऊन पोचवणाऱ्या विषाणूला, 'वाहक विषाणू' म्हटलं आणि पुढच्याच परिच्छेदात अडले, कारण तिथे 'आई वाहक असते', म्हणजे सदोष जनुक तिच्याकडून मुलाकडे येतं, असं वाक्य आहे. शिवाय 'विषाणू यकृताला लक्ष्य करतो' हे वाचून घरचे घाबरतील का?

प्रतिसाद
घाबरतीलच. बातम्यांत 'लक्ष्य केलं' म्हणजे हल्ला केला. ते वाक्य काढाच.

'वाहक' आईकडेच राहू द्या. या घरांत तो शब्द रुळलेला आहे, आणि त्यामागे पुष्कळदा अपराधीपणही असतं. त्याच शब्दाने विषाणूची ओळख करून देऊ नये. 'व्हेक्टर'साठीचे बाकीचे शब्दही नकोत: 'सदिश' गणितातला, 'रोगवाहक' डासांचा. मी 'मालवाहू'च्या धर्तीवर 'जनुकवाहू विषाणू' लिहीन. अर्थ पहिल्या वाचनात कळतो.

आता यकृताचं. अमेरिकेत नोव्हेंबर 2022 मध्ये मान्यता मिळालेलं हेमजेनिक्स हे जनुकोपचाराचं औषध घ्या. हिमोफिलिया बी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर 9 या प्रथिनाची कमतरता, असलेल्या प्रौढांसाठी आहे. एएव्ही 5 (अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरसचा एक प्रकार) या विषाणूचं कवच वापरतात, त्याची स्वतःची जनुकं काढून आत फॅक्टर 9 चं जनुक भरतात आणि ते सलाईनसारखं शिरेतून देतात. कवच जेमतेम 25 नॅनोमीटरचं. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सुमारे 100 नॅनोमीटरची छिद्रं असतात, त्यातून ते सहज पलीकडे जाऊन यकृतपेशींना भिडतं. पेशीवरच्या ग्राहींना चिकटलं की पेशी त्याला आत ओढून घेते. थोडं इतर अवयवांतही जातंच. म्हणून जनुकापुढे असा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, जोडलेला असतो, जो यकृतपेशीतच नीट काम करतो.

म्हणजे पोचणं, शिरणं आणि चालू होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'लक्ष्य'ने तिन्ही झाकल्या जातात.

प्रतिसाद
'यकृताला लक्ष्य करणारा'ऐवजी 'यकृतानुवर्ती' कसं वाटतं? शाळेच्या पुस्तकात 'प्रकाशानुवर्ती' आहेच.

प्रतिसाद
रोप प्रकाशाकडे स्वतः वळतं. हा विषाणू कुठेच वळत नाही, रक्त नेईल तिकडे जातो. तज्ज्ञांच्या लेखात चालेल, पत्रिकेत नको.

प्रतिसाद
एक भर. 'जनुकोपचार म्हणजे यकृतात जनुक पोचवणं' अशी व्याख्या करू नका. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ए (फॅक्टर 8 ची कमतरता) असलेल्या पाच जणांवर केलेल्या उपचाराचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे रुग्णाच्याच रक्तमूलपेशी (ज्यांपासून रक्तपेशी तयार होतात) बाहेर काढून, लेंटिव्हायरस या वेगळ्या जनुकवाहू विषाणूने त्यांत जनुक घालून त्या परत दिल्या. यकृताचा संबंधच नाही. आपल्याकडचे रुग्ण याबद्दल आधी विचारतील.

विचारणा (पुढे)
मग असं लिहू? 'जनुकवाहू विषाणू शिरेतून शरीरात सोडला जातो. तो मुख्यतः यकृताच्या पेशींत शिरतो. तिथे त्याने आणलेलं जनुक चालू होतं आणि यकृत फॅक्टर 9 बनवू लागतं.'

प्रतिसाद
छान. फक्त 'सोडला जातो'च्या जागी 'दिला जातो' करा, औषध देतात. आणि लगेच खाली लिहा की शरीराची प्रतिकारशक्ती या पेशींवर उलटू शकते, म्हणून सुरुवातीचे काही महिने लिव्हरच्या रक्ततपासण्या वरचेवर होतात आणि गरज पडली तर स्टेरॉइड सुरू करतात. तिथे 'यकृतविकरे' (लिव्हर एन्झाइम्स) नको, 'लिव्हरची तपासणी'च लिहा. रिपोर्ट हातात आल्यावर ते हाच शब्द शोधतील.