मदत हवी आहे: लुका गेल्यानंतरचे मॅव्हरिक्स आणि तो सॅलरी कॅपचा (टीमच्या पगारमर्यादेचा) घोळ

नमस्कार मंडळी, इथं एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणारे थोडेच आहेत हे माहितीये, पण टेक्सासकडचे बरेच जण दिसतात म्हणून विचारतोय. मी पुण्यात असतो. डॅलस मॅव्हरिक्सची मॅच आपल्याकडं सकाळी सात-साडेसातला लागते, ऑफिसला निघेपर्यंत बरीचशी बघून होते, २०११ ला डर्क नोवित्स्कीनं मायामीला हरवून कप आणला तेव्हापासून हे चालू आहे. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन सीझन सुरू होईल आणि लीग पासचे (ऑनलाइन मॅच बघायच्या वर्गणीचे) पैसे भरायचे की नाही इथंच मी अडकलोय, कारण गेल्या सीझनमधल्या काही गोष्टी मला अजून पटलेल्या नाहीत आणि काही तर कळलेल्याच नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारी सकाळी अकराच्या आत-बाहेर बातमी आली की आपला सगळ्यात मोठा खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला, बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा २०२९ चा एक फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नवीन खेळाडू निवडायचा हक्क). लोकांना वाटलं बातमी फोडणाऱ्या पत्रकार शॅम्स चरानियाचं अकाउंट हॅक झालंय, शेवटी त्याला परत पोस्ट टाकून सांगावं लागलं की बातमी खरी आहे. लुका तेव्हा २५ वर्षांचा, पाच वेळा ऑल-एनबीए फर्स्ट टीममध्ये (सीझनमधल्या सर्वोत्तम पाचांत), आदल्या सीझनला मॅचमागे ३३.९ पॉइंट काढून लीगमध्ये पहिला, आणि जून २०२४ मध्ये याच टीमला फायनलला घेऊन गेलेला. असा खेळाडू या वयात कुणी स्वतःहून देतं का? डेव्हिस मोठा खेळाडू आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण तो ३१ चा आणि दुखापतींचा इतिहास सगळ्यांना ठाऊक. तेव्हाचा जनरल मॅनेजर निको हॅरिसनचं म्हणणं एकच, डिफेन्स चॅम्पियनशिप जिंकून देतो.

पुढचं तर बघवत नव्हतं. ८ फेब्रुवारीला ह्यूस्टनविरुद्ध डेव्हिस पहिल्यांदा उतरला, तीन क्वार्टरमध्ये २६ पॉइंट, १६ रिबाउंड, ७ असिस्ट, ३ ब्लॉक, मला खरंच वाटलं की चला जमतंय, आणि त्याच मॅचमध्ये मांडीचा स्नायू दुखावून तो बाहेर गेला तो जवळजवळ दीड महिना. आपला सेंटर लाइव्हली आधीच बाहेर, मग दुसरा सेंटर गॅफर्ड, आणि ३ मार्चला आपला गार्ड कायरी अर्विंगचा एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) फाटला, त्या अवस्थेत त्यानं फ्री थ्रो टाकले आणि मग आत गेला. शेवटी ३९ विजय, ४३ पराभव, वेस्ट गटात दहावे. प्ले-इनला (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या मॅचमध्ये) सॅक्रामेंटोला १२०-१०६ नं हरवलं आणि दोन दिवसांनी मेम्फिसकडून त्याच १२०-१०६ नं हरलो.

आता माझे प्रश्न. एक म्हणजे तो पिक. २०२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कनं मिकाल ब्रिजेससाठी पाच फर्स्ट राउंड पिक मोजले, जो एकदाही ऑल-स्टार नव्हता, मग लुकासाठी एकच कसा? इतर टीमना विचारलंसुद्धा नाही, सगळं गुपचूप लेकर्सशीच. लुकाला २०२५ मध्ये ३४५ मिलियन डॉलरचा सुपरमॅक्स (सगळ्यात मोठा करार) द्यावा लागला असता म्हणून घाबरले असं काही जण म्हणतात, पण अशा खेळाडूसाठीच तर तो सुपरमॅक्स असतो ना?

दुसरं, मार्चमध्ये कसेबसे आठ जण फिट असायचे, खेळाडू पडत होते आणि टीम नवीन कुणाला घेत नव्हती. का? बाहेर मोकळे खेळाडू होते की. फर्स्ट एप्रन, हार्ड कॅप वगैरे वाचलं पण डोक्यात शिरलं नाही.

आणि तिसरं सगळ्यात अवघड. माझा भाचा बारा वर्षांचा, लुकामुळेच बास्केटबॉल खेळायला लागला, तो सरळ लेकर्सचा झाला. मला नाही जमत. एप्रिलमध्ये लुका डॅलसला परत आला, मॅचच्या आधी त्याचा व्हिडिओ लावला तर तो बेंचवर बसून रडत होता, मग ४५ पॉइंट टाकून आपल्याला हरवलं आणि आपलंच पब्लिक त्याच्यासाठी उभं राहून ओरडत होतं. मीही इथं उभाच होतो. मग मी नक्की कुणाचा फॅन? ज्यांनी हे स्टेडियमात बसून सोसलंय त्यांनी सांगा, परत मनापासून ही टीम कशी बघायची.

प्रतिसाद (टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून): दादा, दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. २०२४ मध्ये क्ले थॉम्पसनला साइन-अँड-ट्रेडनं आणलं, म्हणजे जुन्या टीमनं करार करून लगेच आपल्याला दिलं. तसं केलं की त्या सीझनपुरती फर्स्ट एप्रन ही एकूण पगाराची रेषा हार्ड कॅप, म्हणजे न ओलांडता येणारी मर्यादा होते; २०२४-२५ ला ती १७८.१ मिलियन डॉलर होती. टॅक्स भरून वर जाऊ असं नसतं, एक डॉलरसुद्धा चालत नाही. फेब्रुवारीतल्या ट्रेडनंतर आपण त्या रेषेला इतके चिकटलो होतो की मिनिमम पगाराचा माणूसही बसत नव्हता. मिनिममचे पैसे उरलेल्या दिवसांवर मोजतात, म्हणून ते स्वस्त व्हायची वाट बघत एप्रिल उजाडला. तोवर टू-वे करारावरची (खालच्या लीगमधूनही खेळणारी) पोरं खेळवली, पण त्यांना ५० मॅचचीच मुभा, ब्रँडन विल्यम्सच्या मॅच म्हणून राखून ठेवायला लागल्या. दुखापती कुणाच्या हातात नसतात, पण इतकी कमी जागा ठेवणं हा ऑफिसचाच निर्णय होता. ट्रेडनंतर डर्कच्या पुतळ्यापाशी लोकांनी शवपेटी आणून ठेवली होती, तुमच्या भावना इथं सगळ्यांना कळतात. मी टीमबरोबरच आहे.

प्रतिसाद: मुंबई इंडियन्सचा २०२४ चा सीझन आठवा, हार्दिकला वानखेडेवर काय काय ऐकावं लागलं. तिथं निदान रोहित टीममध्ये तरी होता. पण यात नवीन येणाऱ्याचा काय दोष? ड्राफ्टच्या लॉटरीत १.८ टक्के चान्स असताना पहिला पिक लागला, त्यातून घेतलेला कूपर फ्लॅग तेव्हा १८ वर्षांचा होता, त्यानं लुकाला घालवलेलं नाही. क्रिस्टीनंही नाही. त्यांच्यासाठी बघा.

धागाकर्ता: ताई, एप्रनचं आत्ता कळलं, खूप आभार, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. फ्लॅगचं म्हणणंही पटतंय. कायरी बरा होईपर्यंत बॉल कोण आणणार ही काळजी आहे, डी'अँजेलो रसेलला घेतलंय पण तो रोज डिफेन्स करेल असं मला वाटत नाही. पैसे भरतोय. पहिल्या प्रश्नाचं मात्र कुणीच उत्तर दिलं नाहीये, एकच पिक का? ज्यांना ट्रेडमधलं कळतं त्यांनी कृपया लिहा, आणि इथून लीग पास घेतलेल्यांनी हेही सांगा की फक्त एका टीमचा स्वस्तातला पास मिळतो का, भाच्याला लेकर्सचाच हवाय.